तीन वाजताची ट्यूब

लहान मुलाची लघवी बाटलीत पकडणं हे काय प्रकरण आहे, ते ज्याने केलेलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मोठा माणूस बाटली घेऊन जातो आणि भरून आणतो. सहा महिन्यांचं पोर तासभर तुमच्या मांडीवर खिदळत बसतं, आणि तुम्ही कंटाळून बाटली खाली ठेवली की बरोबर तेव्हाच तुमची पँट भिजवतं. त्र्याण्णव साली मी कोल्हापुरात मुलांच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून लागलो, तेव्हा वॉर्डातून खाली येणाऱ्या दहा बाटल्यांतल्या चार रिकाम्या असायच्या आणि एखादीत चक्क नळाचं पाणी. नळाचं पाणी मी नुसत्या डोळ्यांनी ओळखायचो. गुरुसिद्ध पट्टणशेट्टीला कोणी फसवू शकत नाही, असं मीच चारचौघांत सांगत फिरायचो.

बाळाबाईंची बाटली मात्र कधी रिकामी आली नाही, आणि तिच्यात कधी पाणीही नसायचं. बाळाबाई वॉर्डातल्या आया. मलकापूरच्या पुढे घाटाकडे त्यांचं गाव. नवरा हंबीरराव ट्रकवर ड्रायव्हर होता, तो अपघातात गेल्यावर त्या कोल्हापुरात आल्या. आधी फरशी पुसायला लागल्या, मग आया झाल्या. हॉस्पिटलात आयांना सगळेच मावशी म्हणतात, तसं मीही म्हणायचो. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की तळमजल्यावर बसून मला वरच्या वॉर्डात काय चाललंय ते कळायचं.

त्यांची पद्धत मी एकदा वर जाऊन बघितली. पोराला दोन्ही काखांत धरून उभं करायचं, बेंबीखाली थंड पाण्याचा बोळा हळूहळू फिरवायचा आणि तोंडाने शूऽऽ करत बसायचं. पोराची आई तोवर रडकुंडीला आलेली असायची. बाळाबाईंना घाई नसायची. "लेकरू आपल्या वक्ताला देतंय," त्या म्हणायच्या. "आपलं काम भांडं धरून बसायचं." आणि पोर द्यायचं. मग त्या ती बाटली प्रसादाचं तीर्थ आणावं तशी दोन्ही हातांत धरून माझ्या खिडकीवर आणायच्या.

त्यांचा आणि आमच्या घराचा संबंध एका डब्यामुळे आला. माझी बायको गडहिंग्लजकडची. आमच्या घरात अर्धं कानडी चालतं, पुरणपोळीला आम्ही होळगी म्हणतो. एका श्रावणात तिने बाळाबाईंसाठी स्टीलच्या डब्यातून होळग्या पाठवल्या. चार दिवसांनी डबा परत आला तो नाचणीचं पीठ भरून. पुढे तेरा वर्षं तो डबा येत-जात राहिला. उन्हाळ्यात त्यातून करवंदं यायची, फणसाचे गरे यायचे. घरात काहीच नसलं तर मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा. "राहू दे की मावशी, धुऊन दिलात तरी पुष्कळ झालं," असं मी एकदा म्हणालो, तर माझ्यावरच डाफरल्या.

"रिकामं भांडं माघारी द्यायची रीत न्हाय आमच्यात. लोकाच्या भरल्या घरात रिकामं भांडं पाठवायचं म्हंजे काय?"

ही रीत आमच्यातही आहे, आमच्या भागात बहुतेक घरांत आहे. पण बाकीचे सवडीने पाळतात. बाळाबाईंच्या ती हाडीमाशी खिळलेली होती.

दोन हजार तीन साली आमच्याकडे मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं सुरू झाली. हृदयाला छिद्र असलेलं मूल घेऊन आईबापांना दूरच्या शहरात जावं लागायचं, ते थांबलं. या ऑपरेशनात हृदय थोडा वेळ थांबवतात आणि रक्त मशिनीतून फिरवतात. हृदय दुरुस्त होतं, पण मशिनीवरून उतरल्यावर काही मुलांच्या किडन्या रुसतात. कोणाच्या रुसतील ते आधी सांगता येत नाही. त्यासाठी आमच्याकडे रक्तातलं क्रिएटिनिन मोजायची तपासणी होती, आणि ती मी करायचो. गोम अशी, की किडनी बिघडल्यावर क्रिएटिनिन वाढायला एक-दोन दिवस लागतात. शेजारच्या खोलीतून दूध करपल्याचा वास आल्यावर उठावं, तसं ते. तोवर पातेलं गेलेलं असतं.

ऑपरेशननंतरची मुलं ज्या आयसीयूत असायची, तिथल्या मुख्य डॉक्टर क्रांती इंगवले. पस्तिशीच्या, कोल्हापूरच्याच, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. दोन हजार सहाच्या जूनमध्ये त्यांनी मला बोलावून एक छापील लेख दाखवला. किडनीला इजा झाली की लघवीत एनगॅल नावाचं एक प्रोटीन दोन तासांत वाढतं, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांना आदल्या वर्षी हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या मुलांत दिसलं होतं. "दोन दिवस नाही, गुरुसिद्ध, दोन तास," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्या पोरांत हे खरं ठरतं का बघायचं. तासातासाला किंमत आहे इथं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा बघितलं. त्या वर्षी त्यांच्या हातून किडनी बंद पडून दोन मुलं गेली होती.

काम असं ठरलं, की प्रत्येक मुलाची लघवी ऑपरेशनच्या आधी घ्यायची आणि मशिनीवरून उतरल्यावर दोन, सहा, बारा आणि चोवीस तासांनी घ्यायची. ती मी लॅबमध्ये मशिनीत गरगर फिरवून, गाळ वेगळा करून, नाव चिकटवून फ्रीजरमध्ये ठेवायची. तपासणीचं किट महागडं, म्हणून सगळ्या ट्यूबा शेवटी एकदम तपासायच्या. म्हणजे या मुलांना त्याचा काही फायदा नव्हता, झाला असता तर पुढच्यांना. मी एक रजिस्टर आखलं. आडवी मुलांची नावं, उभे तास, आणि प्रत्येक नमुन्याला एक चौकोन.

पहिल्या महिन्यात अकरा चौकोन रिकामे राहिले. कधी सिस्टर विसरायच्या, कधी आया उशिरा यायच्या, कधी ट्यूबमध्ये काहीच नसायचं. मी ते लाल पेनाने रंगवले. मीटिंगमध्ये डॉक्टरांनी सगळ्यांदेखत रजिस्टर माझ्यापुढे टाकलं. "चौकोन रिकामेच ठेवायचे असतील तर अभ्यास कशाला करायचा?" माझे कान तापले. खाली आलो आणि तिरीमिरीत एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: रिकामी ट्यूब घेतली जाणार नाही. नमुना वेळेवर न आल्यास जबाबदारी आणणाऱ्याची. आणि तो कागद चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून खिडकीच्या काचेवर डकवला.

बाळाबाई तेव्हा आयसीयूत कामाला होत्या, आणि त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मलाच विचारलं, "काय लिवलंय दादा?"

मी वाचून दाखवलं, आणि वर हसत म्हणालो, "तुम्हाला काय त्याचं मावशी? तुमची कधी रिकामी येतच नाही."

त्यानंतरचे पाच आठवडे एकही चौकोन लाल झाला नाही. डॉक्टरांनी जिन्यात थांबून माझं कौतुक केलं. मी घरी जाऊन बायकोला ते दोनदा सांगितलं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी रक्षिताचं ऑपरेशन झालं. चार वर्षांची, गडहिंग्लजच्या खालच्या एका गावातली. वजन बारा किलो, डोळेच मोठे. तिची आई शांतादेवी हिचं मराठी तोडकंमोडकं होतं, म्हणून फॉर्म भरताना दुभाषा मीच होतो. दुपारी एक वाजता रक्षिता मशिनीवरून उतरली. म्हणजे तिची दोन तासांची ट्यूब तीन वाजता. तिच्या शेजारच्या खाटेवर वारणानगरची एक मुलगी होती, तिचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं आणि ती छान होती. तिची चोवीस तासांची ट्यूबही नेमकी तीनलाच यायची होती.

या मुलांना लघवीची नळी घातलेली असते. नळीतून लघवी खाटेला अडकवलेल्या पिशवीत जमते. दर तासाला पिशवीची तोटी सोडून किती मिली झाली ते मोजायचं आणि तक्त्यावर लिहायचं. हे काम सिस्टरचं. पण चार खाटांना एक सिस्टर असली की पिशवी सोडते आया, आकडा सांगते आया, आणि सिस्टर तो लिहिते. आमच्याकडे असंच चालायचं, आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

तीन वाजता बाळाबाई दोन ट्यूबा घेऊन खिडकीवर आल्या. मी त्या घेतल्या आणि सवयीने उजेडासमोर धरल्या.

दोन्ही हळदीसारख्या पिवळ्या होत्या.

ते कसं हे सांगायला हवं. सलाईनमधून व्हिटॅमिन दिलं की लघवी असा पिवळाजर्द रंग धरते. वारणानगरच्या मुलीला सकाळपासून ते चालू होतं. रक्षिता दोन तासांपूर्वी मशिनीवरून उतरलेली, तिला व्हिटॅमिनचा थेंब गेलेला नव्हता. हे मला माहीत होतं, कारण औषधांची यादी रोज माझ्या टेबलावर येते. नळाचं पाणी नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा मी, एकाच पिशवीतून भरलेल्या दोन ट्यूबा मला ओळखता येणार नाहीत असं कसं होईल? मी बाळाबाईंकडे बघितलं. त्या फरशीकडे बघत होत्या. तेरा वर्षांत ती बाई माझ्याशी बोलताना कधी खाली बघितलेली मला आठवत नाही.

मी रजिस्टर उघडलं. दोन्ही चौकोनांत बरोबरची खूण केली.

त्या वेळी मनात काय होतं ते सांगतो, आता लपवून काय करायचंय. ट्यूब फ्रीजरमध्ये तर जाणार. तिचा आकडा वर्षा-दीड वर्षाने येणार. एक नमुना इकडचा तिकडे झाला तर कोणाचं काय बिघडतंय, आणि पाच आठवडे राखलेलं रजिस्टर आज कशाला लाल करा. असा हिशोब मी केला. त्या मुलीची ट्यूब भरता आली नाही म्हणजे तिची पिशवी कोरडी आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, की आली आणि मी ती बाजूला सारली, हे आज तीन वर्षांनीही मला छातीठोक सांगता येत नाही. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

साडेतीनला चहाला निघालो तर जिन्यात शांतादेवी उभी. सकाळपासून तिने पाणीही घेतलं नव्हतं. आयसीयूच्या दारातून कोणीतरी तिला म्हणालं होतं, की लघवी होतेय का ते महत्त्वाचं. तिने मला कानडीतून विचारलं. मी म्हणालो, होतेय, आत्ताच भरलेली ट्यूब माझ्या हातात आली.

"हौदा अण्णा?" खरं ना अण्णा, असं तिने विचारलं.

"हौदु," मी म्हणालो. ती पायरीवर बसली आणि पदराच्या गाठीतली भाकरी सोडून खायला लागली.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. रक्षिताच्या पिशवीत तळाला चार थेंब होते. बाळाबाईंनी नळी झटकून बघितली, मुरगळली तर नाही ना ते बघितलं, सिस्टरना हाकही मारली, "ही पोरगी मुतंना ओ." सिस्टर दुसऱ्या खाटेवरच्या मुलाच्या छातीच्या नळीतून रक्त येत होतं त्यात गुंतलेल्या. "होईल, थांबा जरा," त्या म्हणाल्या. मग तीन वाजले. बाळाबाईंनी शेजारच्या मुलीच्या पिशवीतून ट्यूब भरली. तेवढ्यात सिस्टरनी तक्ता पुढे ओढून विचारलं, "किती?" ट्यूब भरल्यावर शून्य कसं सांगणार? त्या म्हणाल्या, वीस. चार वाजता म्हणाल्या, पंधरा. पाचलाही पंधराच.

डॉक्टर इंगवले दुसऱ्या ऑपरेशनात होत्या. सव्वापाचला बाहेर आल्या आणि सरळ रक्षिताच्या खाटेकडे गेल्या. तक्ता बघितला, मुलीचा सुजलेला चेहरा बघितला, मॉनिटर बघितला आणि खाली वाकून पिशवी हातात घेतली. त्यांनी सिस्टरना काही विचारायच्या आत बाळाबाई म्हणाल्या, "दुपारधरनं रिकामीच हाय. म्या खोटं सांगितलं."

पोटॅशियमची तातडीची तपासणी माझ्याकडे आली. किडनी बंद पडली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. रक्त घेऊन सिस्टर स्वतः धावत आल्या होत्या, त्यांनीच दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मशीन आकडा द्यायला काही मिनिटं घेते. तेवढ्या मिनिटांत मी खिडकीपाशी गेलो, तो कागद फाडून काढला आणि चुरगळून खिशात घातला. मग परत येऊन आकडा वाचला. सहा पूर्णांक नऊ होता. त्या आकड्याला हृदय कधीही थांबू शकतं, आणि मी खिशात हात घालून कागद आत ढकलत होतो.

संध्याकाळीच रक्षिताच्या पोटात नळी घालून औषधी पाणी फिरवायला सुरुवात केली. किडनीचं काम तात्पुरतं पोटाच्या पडद्याकडून करून घेतात, ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनच्या खोलीत चौकशी झाली. मेट्रन, डॉक्टर, सिस्टर, मी आणि बाळाबाई. डॉक्टरांनी आवाज न चढवता विचारलं, "का केलंत मावशी?"

"रिकामी ट्यूब खाली घेत न्हाईत," बाळाबाई म्हणाल्या. "खिडकीवर कागद लावलाय तसा."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "लावलाय?"

"नाही," मी म्हणालो. "असा काही कागद नाही. बघून या हवं तर."

मेट्रननी खरोखरच शिपायाला पाठवलं. तो येऊन म्हणाला, कागद-बिगद काही नाही. बाळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी ओरडावं, शिव्या घालाव्यात, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर कदाचित मी बोललो असतो. त्या म्हणाल्या, "मग मलाच तसं वाटलं आसंल. चूक माझीच हाय."

दुपारी त्यांना कामावरून काढलं. आयांची निळी साडी घडी घालून मेट्रनकडे दिली आणि त्या मागच्या दाराने गेल्या. मी खिडकीत होतो. त्या वेळी आमचा डबा त्यांच्याकडे होता. पुढे बायकोने दोन-तीनदा विचारलं, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

रक्षिताच्या किडन्या दहाव्या दिवशी पुन्हा सुरू झाल्या. आयसीयूत पेढे वाटले. तेविसाव्या दिवशी ती घरी गेली, पण रक्तदाबाची गोळी मागे लागली ती लागलीच. दर सहा महिन्यांनी तपासणीला येते, खिडकीवर हात पुढे करते आणि सुई टोचताना डोळे मिटत नाही. शांतादेवी प्रत्येक वेळी माझ्यासाठी काहीतरी आणते, घरची शेंग, काकवी. सोबतच्या बायकांना सांगते, की त्या दिवशी या अण्णांनी धीर दिला म्हणून मी दोन घास खाल्ले. मी खाली मान घालून ट्यूबवर नाव लिहीत बसतो.

सगळ्या ट्यूबा तपासून झाल्या त्या दोन हजार आठच्या जानेवारीत. ज्या मुलांच्या किडन्या बिघडल्या, त्यांचे दोन तासांचे आकडे खरोखरच शेकड्यांत होते. तीन वाजताच्या त्या दोन ट्यूबांचा आकडा मात्र एकच, चौदा. रक्षिताच्या सहा तासांच्या ट्यूबमध्ये तळाला जेमतेम थेंबभर लघवी होती, तिचा नऊशेच्या वर. डॉक्टरांनी दोन्ही चौदांभोवती पेनाने गोल काढला. "तीनची काढून टाका यादीतून," त्या म्हणाल्या. "रिकामी आली असती तरी चाललं असतं हो. रिकामी ट्यूब हाच रिपोर्ट होता."

पुढच्या वर्षी आमच्या अभ्यासाचा लेख छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव होतं. नमुने काळजीपूर्वक गोळा केल्याबद्दल, असं इंग्रजीत लिहिलेलं. माझ्या मुलीने, शांभवीने, ती ओळ घरी आलेल्या पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि मराठीत अर्थही सांगितला. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मला तिथून उठून कुठेतरी जावंसं वाटलं. रविवारी मी मलकापूरची एसटी धरली.

बाळाबाईंचं घर विचारत विचारत गेलो. त्या अंगणात चटईवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. केस पार पांढरे झालेले, आवाज तसाच.

"या पावणं," त्या म्हणाल्या. मला पाहुणा म्हटलं म्हणजे जुनं नातं त्यांनी कधीच मिटवलं होतं. पाणी दिलं, चहा दिला. मी चहा अर्धा ठेवून सगळं सांगून टाकलं. कागद मी लावला होता, मीच काढला, सगळ्यांदेखत खोटं बोललो, आणि त्या दोन्ही ट्यूबा एकाच मुलीच्या आहेत हे मला तेव्हाच दिसलं होतं.

त्या शेंगा फोडत राहिल्या. "कागद तुमी काढला ते ठावं हाय मला. साडी द्याया गेलते तवा बघितलं की. काचंवर चार कोपऱ्याला चिकटपट्टी तशीच हुती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? तुमच्या कागदानं ट्यूब भरली न्हाय. ह्या हातानं भरली." मग त्यांचा हात थांबला. "ट्यूबा दिसल्या म्हंता, त्ये मातुर ठावं नव्हतं. तवाच दिसल्या?"

"हो. तीन वाजता."

"म्या घाबरून केलं. तुमाला कुणाचं भ्या हुतं?"

मी चटईवरची एक शेंग उचलून फोडली. त्यांनी विचारलं, "डाक्टरीणबाईस्नी सांगितलं ह्ये?"

"नाही."

"मग मला कशाला सांगाय आलाय? माझी पोरगी हुती व्हय ती?"

मी निघायला उठलो. त्या आत गेल्या आणि आमचा डबा घेऊन आल्या. झाकणावर माझ्या बायकोचं कोरलेलं नाव घासून लखलखीत केलेलं. डबा हातात घेतला आणि तो हलका लागला. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार.

"रिकामा हाय," बाळाबाई म्हणाल्या. "त्या दिवसापासनं म्या कुणाचं भांडं भरून देत न्हाय. आसंल तसं देती. लोकं नावं ठेवत्यात, ठेवू द्यात. उघडून बघा."

"कशाला मावशी, मला माहीत आहे."

"माहीत न्हाय. बघा. आन बघितलं ते तोंडानं सांगा."

मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं. "रिकामा आहे," मी म्हणालो. दोनच शब्द होते. त्या मंगळवारी तीन वाजता एवढंच बोलायला हवं होतं, त्यांनी किंवा मी. आम्हा दोघांच्याही तोंडून ते निघालं नव्हतं, पण सव्वापाचला त्यांच्या निघालं. माझ्या निघायला तीन वर्षं लागली.

सोमवारी सकाळी रजिस्टर घेऊन मी डॉक्टर इंगवलेंच्या खोलीत गेलो. बसलो नाही. कागदाचं सांगितलं, मग ट्यूबांचं सांगितलं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. रजिस्टर पुढे ओढून ते पान काढलं आणि तीन वाजताच्या खुणेवर बोट ठेवलं.

"तीनला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मी सव्वापाचला बघितलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बोट त्या खुणेवरच होतं. "दोन तास वर झाले, गुरुसिद्ध."

आमचा अख्खा अभ्यास तेवढ्याच तासांसाठी होता.